मीठ, सोने आणि कवडी

पश्चिम आफ्रिकेतील मध्ययुगीन माली साम्राज्याविषयी मुलांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. व्यापारी नदीकाठी मिठाचे ढीग रचून दूर जातात. मग सोन्याच्या प्रदेशातील लोक येतात, प्रत्येक ढिगाशेजारी सोन्याची भुकटी ठेवतात आणि तेही दूर होतात. मोबदला पटला तर व्यापारी सोने उचलतात, न पटला तर थांबून राहतात. एक शब्दही न बोलता सौदा पुरा होतो. मिठाच्या वजनाइतके सोने तेथे मोजले जाई, अशी पुस्तीही जोडली जाते. गोष्ट सुरेख आहे आणि आम्हीही ती सांगितली आहे. मात्र ऐकणारी मुले हसतात आणि हसता हसता निष्कर्ष काढतात, ‘किती भोळे होते ते लोक!’ हा निष्कर्ष आम्हांस अस्वस्थ करतो.

या मुक्या व्यापाराची कथा मालीहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने कार्थेजच्या व्यापाऱ्यांविषयी तीच सांगितली आणि पुढे अनेक अरबी लेखकांनी ती सोन्याच्या मुलखाला लावली. १३५२-५३ मध्ये माली साम्राज्यात प्रत्यक्ष हिंडलेल्या इब्न बतूताने मात्र आपल्यासाठी रोकडे आकडे ठेवले आहेत. उंटावरचे मिठाचे ओझे वाळवंटाच्या दक्षिण काठावरील वलाता येथे आठ ते दहा मिस्कल सोन्याला विकले जाई. तेच मालीच्या राजधानीत वीस ते तीस आणि क्वचित चाळीस मिस्कलांना जाई. मिस्कल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. म्हणजे शंभर किलोहून अधिक मिठाला फार तर १७० ग्रॅम सोने! वजनास वजन ही दंतकथाच होय. तरीही वलात्याहून राजधानीपर्यंत भाव तिप्पट-चौपट होत असे, ही गोष्ट खरी. त्या वाढीत वाटचालीचे कष्ट होते आणि मिठाची निकडही होती. उष्ण प्रदेशात घाम गाळणाऱ्या माणसांना आणि गुराढोरांना मीठ हवेच. मिठाचे तुकडे तोडून लोक त्यांचा नाण्यांसारखा वापर करीत, असेही इब्न बतूता नोंदवतो.

हे मीठ येई सहारातील तगाझा या गावाहून. तेथील घरे व मशीद मिठाच्या लाद्यांची होती आणि छपरे उंटाच्या कातड्याची. मुलांना हे वर्णन परीकथेसारखे वाटेल. परंतु त्याच वर्णनात पुढे येते की तेथे झाड नव्हते आणि पाणी खारट होते. राहत होते ते केवळ मसूफा टोळीचे गुलाम, मीठ खणणारे. त्यांचे खाणे म्हणजे दूरवरून आणलेले खजूर, उंटाचे मांस आणि दक्षिणेकडून येणारे भरड धान्य. मिठाच्या घरांची गोष्ट सांगताना ही माणसे वगळली जातात, असा आमचा अनुभव आहे. मग बाजारात मीठ जणू आपोआपच येते.

आता सोन्याच्या बाजूचे ‘भोळे’ लोक पाहू. बांबुक आणि बूरे या खाणींच्या मुलखातून सोने बाहेर येई आणि त्याचा व्यापार वांगारा व्यापाऱ्यांच्या हाती असे. १३२४ मध्ये हजला जाताना मन्सा मूसा कैरोत थांबला. सोने पिकवणाऱ्या लोकांवर धर्म लादू गेल्यास सोन्याचे उत्पन्नच घटते, म्हणून त्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले जाते, असे त्याने तेथे सांगितल्याची नोंद अल-उमरीने केली आहे. साम्राज्याला तडजोड करावयास लावणारी माणसे भोळी कशी म्हणावीत? याच भेटीत मूसाने कैरोत इतके सोने वाटले की, पूर्वी २५ दिरहमांखाली न उतरणारा मिस्कल २२ वर किंवा त्याहून खाली आला. बारा वर्षांनंतरही भाव सावरला नव्हता, असे अल-उमरी लिहितो. मुबलक झाले की सोनेही स्वस्त होते.

या व्यापाराचा एक धागा हिंदी महासागरापर्यंत पोहोचतो. इब्न बतूता पूर्वी मालदीवमध्ये काझी होता. तेथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी त्याहूनही अधिक. त्याच कवड्या त्याने माली आणि गाओच्या बाजारात पाहिल्या तेव्हा भाव होता दिनाराला ११५० कवड्या. समुद्रकाठी मूठभर मिळणारी वस्तू दूर देशी चलन झाली होती. आपण मराठीत ‘कवडीमोल’ म्हणतो. तो शब्द मालीच्या बाजारात कुणाला पटला नसता.

मुलांना सोन्याची नि मिठाची गोष्ट जरूर सांगावी. फक्त तिच्या शेवटी ‘ते किती भोळे!’ याऐवजी दोन प्रश्न ठेवावेत : ही वस्तू इथे इतकी महाग का, आणि ती इथवर कुणाच्या श्रमाने आली? पहिला प्रश्न मुलांना बाजार शिकवील. दुसऱ्या प्रश्नाने तगाझ्याचे ते खणणारे पुन्हा गोष्टीत येतील.