भाड्याने दिलेलं शहर

१८६२ साली नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा केला, तेव्हा वर्धा नावाचं शहरच नव्हतं. नाव नदीवरून घेतलं आणि कचेरी थाटली पुलगावजवळच्या कवठ्याला. चार वर्षांनी, १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं मुख्यालय वसवलं गेलं. रुंद, सरळ रस्ते आखले, मधल्या जागेचे प्लॉट पाडले. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. कापसाचे व्यापारी, अडते, वकील, कारकून अशा सगळ्यांना घर बांधायला जागा हवी होती, आणि ती देणारा मालक होता सरकार.

त्याच दशकात शेजारच्या खेड्यांत जमिनीचा निवाडा उलट्या दिशेने झाला होता. हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने वर्धा जिल्ह्याची जमाबंदी केली आणि वसूल गोळा करणारे मालगुजार गावाचे कायदेशीर मालक झाले. शेत, पडीक, गावठाण, सगळं त्यांचं. सेगावची, म्हणजे आजच्या सेवाग्रामची, मालगुजारी पुढे जमनालाल बजाजांकडे होती. म्हणून १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा जागेसाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागला नाही. सेवाग्राम आश्रम उभा राहिला तो एका मालगुजाराच्या शब्दावर.

शहरात मात्र सरकारने मालकी हातची सोडली नाही. तिथली जमीन ‘नझूल’. ती मिळायची पट्ट्याने, बहुधा ३० वर्षांसाठी. प्लॉटचा लिलाव व्हायचा. बोली जिंकणाऱ्याने एकरकमी अधिमूल्य भरायचं, पुढे दरवर्षी भूभाटक द्यायचं, आणि मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यायचं. घर त्याचं, घराखालची माती सरकारची.

यामागे साधा व्यवहार होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव दूरवर पोचलं होतं. रेल्वे आली की जागेचे भाव चढणार, हे उघड होतं. आज जमीन विकून टाकली तर चढलेला भाव विकत घेणाऱ्याच्या खिशात जाणार; पट्ट्याने दिली तर दर ३० वर्षांनी भाडं वाढवता येणार. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही दादर-माटुंग्याचे प्लॉट लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानेच दिले. सिंगापूरची सरकारी घरं आजही ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात.

हिंगणघाटला तर एकाच गावाची दोन गावं झाली. जुन्या वस्तीत वणा नदीचं पाणी शिरायचं, म्हणून उंचावर रुंद रस्त्यांचं, बाजारपेठेचं नवं हिंगणघाट आखलं गेलं. पैसेवाले तिकडे सरकले. १९०१ च्या जनगणनेत हिंगणघाटची लोकसंख्या १२,६६२ होती. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या वर्ध्याची ९,८७२.

वर्ध्याला नगरपालिका आली १८७४ मध्ये. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, बाजार ही तिची कामं, उत्पन्न बेताचं. अशा पालिकेला हाती असलेल्या जमिनीचं भाडं म्हणजे दर साल येणारा हमखास पैसा. शहरातल्या रामनगर भागातले प्लॉट याच पद्धतीने लीजवर गेले. लोकांनी घरं बांधली, पोरंबाळं वाढवली, मजले चढवले. आणि लीजची मुदत संपत आली तेव्हा लक्षात आलं की, ज्याला आपण घर म्हणतो त्याच्या कागदावर आपण भाडेकरू आहोत. रामनगरच्या लीजधारकांची मालकी हक्काची मागणी मग वर्षानुवर्षे पालिकेच्या सभेत, निवडणुकीच्या प्रचारात आणि मंत्रालयाच्या फायलींत फिरत राहिली.

हा कागद कसा असतो ते पाहण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईकडे ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, त्याला विदर्भात आखीव पत्रिका म्हणतात. वर शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ. बाजूला धारणाधिकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे ते. त्याखाली पट्ट्याची मुदत आणि भूभाटकाचा आकडा. मग एकाखाली एक फेरफार: आजोबा वारले, मुलांची नावं लागली, एका भावाने हिस्सा दुसऱ्याला सोडला, बँकेचा बोजा चढला. कुटुंबाचा सगळा इतिहास त्या एका कागदावर वाचता येतो. अडचण होते ती मुदतीच्या रकान्यात. तिथली तारीख उलटून गेलेली असली की बँक कर्जाला नाही म्हणते. घर विकायचं तर आधी परवानगी हवी. परवानगी न घेता विकलं, किंवा घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं, की शर्तभंग.

दरम्यान जमिनीचे धनी बदलत गेले. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होता; ३१ मार्च १९५१ ला तिथली मालगुजारी संपली आणि वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांची पडीक व गावठाणाची जमीन सरकारजमा झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पालिकेच्या हाताला वेसणही घातली. त्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे पालिकेला आपली स्थावर मालमत्ता राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय कुणाला विकता किंवा लांब मुदतीच्या पट्ट्याने देता येत नाही, आणि तो प्रस्ताव एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने झालेल्या ठरावासह जावा लागतो. ठरावाशिवाय मंजुरी नाही आणि मंजुरीशिवाय व्यवहार नाही.

एवढा बंदोबस्त असूनही जमीन हातची गेलीच. वर्ध्यासारख्या शहरांत सार्वजनिक जमीन एका दिवसात कुणी विकली नाही. ती पट्ट्यापट्ट्याने निसटली. नूतनीकरण वेळेवर झालं नाही, भूभाटक जुन्याच दराने राहिलं, वसुलीचा खर्च वसुलीहून भारी झाला. ज्या वाढत्या भाड्यासाठी मालकी राखून ठेवली होती, ते भाडं वाढलंच नाही. मग सरकारनेच ठरवलं की हिशेब मिटवून टाकावा. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या, लिलावाने किंवा अधिमूल्य भरून घरासाठी घेतलेल्या नझूल जमिनींसाठी २०२४ मध्ये अभय योजना आली. बाजारमूल्याच्या २ टक्के भरायचे आणि पट्टेदाराचं भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण मालक व्हायचं. सरकारी दराने ४० लाखांचा प्लॉट असेल तर भरणा ८० हजारांचा. दीडशे वर्षांपूर्वी ज्या विक्रीला सरकार तयार नव्हतं, ती अशी झाली.

पट्टेदारांच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही. अधिमूल्य त्यांच्या वाडवडिलांनी भरलं, घर त्यांनी बांधलं. पण लिलावात बोली लावण्याइतका पैसा ज्यांच्याकडे कधीच नव्हता, त्यांनी मिळेल त्या सरकारी जागेवर झोपड्या टाकल्या. त्यांच्यासाठी ‘सर्वांसाठी घरे’ योजनेत वेगळी वाट काढली गेली. शहरी भागात १ जानेवारी २०११ पूर्वीचं सरकारी जमिनीवरचं निवासी अतिक्रमण १,५०० चौरस फुटांच्या मर्यादेत नियमित करायचं. हातात पट्टा आल्याशिवाय घरकुलाचं अनुदान मिळत नाही, म्हणून या कुटुंबांच्या लेखी त्या कागदाचं मोल घराइतकंच.

२०११ मध्ये वर्धा शहराची लोकसंख्या एक लाख सहा हजारांवर गेली होती. मात्र नवी वस्ती शहराच्या हद्दीत मावली नाही. ती गेली पिपरी, सिंदी, बोरगाव या नावापुढे ‘मेघे’ लागणाऱ्या गावांकडे आणि नालवाडीकडे. तिथे पालिका नव्हती, ग्रामपंचायती होत्या. नझूल नव्हतं, मालकीची शेतं होती. शेतकऱ्याने वावर विकलं, घेणाऱ्याने अकृषक करून लेआउट टाकला, प्लॉट थेट मालकीने गेले. अशा लेआउटमध्ये सार्वजनिक जमीन म्हणजे रस्ते आणि नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेली मोकळी जागा. शाळा, दवाखाना किंवा गरिबांची घरं उभारायची तर ग्रामपंचायतीला आज जमीन विकत घ्यावी लागते, तीही चालू बाजारभावाने.