एका वाक्यातील शाकुंतल

चित्रपटाच्या धंद्यात ‘लॉगलाइन’ या नावाने ओळखला जाणारा एक लेखनप्रकार आहे, आणि त्याचा सारा विस्तार एका वाक्याचा! कोणावर कोणता प्रसंग गुदरला, त्यास काय साधावयाचे आहे आणि आडवे काय येते, एवढे पंचवीस-तीस शब्दांत सांगावयाचे. शेवट मात्र सांगावयाचा नाही. हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओंत कथाविभाग असत आणि तेथील पगारी वाचक कादंबऱ्या-नाटकांचे गोषवारे काढीत. मेट्रो-गोल्डविन-मेयरचे लुई मेयर यांना तर वाचण्यापेक्षा ऐकणेच प्रिय. केट कॉर्बली नावाच्या बाई त्यांना कथा तोंडी सांगत. ज्याने पैसे घालावयाचे त्यास वेळ थोडा, या व्यवहारातूनच असल्या वाक्याची गरज वाढली.

कल्पना मात्र धंद्याहून पुष्कळ जुनी आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात ‘ओडिसी’ हे चोवीस सर्गांचे महाकाव्य दोन-चार वाक्यांत आटोपले आहे आणि बाकीचा सारा उपकथांचा पसारा, असे बजावले आहे. आपल्याकडे भरतमुनींनी पाच अर्थप्रकृतींत पहिले स्थान ‘बीजा’स दिले. आरंभी अल्पसे टाकलेले, पुढे नाना प्रकारे पसरणारे आणि अखेर फळास येणारे, ते बीज. बीज नाटकाच्या पोटात असते आणि लॉगलाइन नाटकाच्या बाहेर, हा भेद खराच. परंतु बीज कोणते हे ज्याने ओळखले नाही, त्यास ते वाक्यही लिहिता यावयाचे नाही.

वाक्य बदलले की कथाच कशी बदलते, याला शकुंतलेइतके चांगले उदाहरण नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला पुत्राचा हात धरून हस्तिनापुरी येते. तेथे शाप नाही, अंगठीही नाही. राजाला सारे स्मरत असते आणि तरीही तो नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर मात्र, लोकांना शंका राहू नये म्हणून असे केले, अशी सारवासारव करतो. ही कथा एका वाक्यात अशी येईल: ‘एक तापसकन्या आपल्या मुलाचा हक्क मागण्यास भर दरबारात उभी राहते, पण लोकापवादाला भिणारा राजा, सर्व काही स्मरत असूनही, तिला ओळख देत नाही.’

आता कालिदासाचे वाक्य पाहावे: ‘ऋषीच्या शापाने पतीला आपला विसर पडला आहे आणि ओळखीची एकमेव खूण वाटेत हरवली आहे, हे दोन्ही न जाणणारी गर्भवती आश्रमकन्या पतीच्या दरबारी येते.’

पहिल्या वाक्यात तिचा प्रतिपक्षी राजाचा भित्रेपणा आहे. दुसऱ्यात दरबारात अपराधी असा कोणी नाहीच. दुर्वासाच्या एका शापाने कालिदासाने आपला धीरोदात्त नायक निर्दोष करून घेतला. त्याची किंमत शकुंतलेने मोजली, असे माझे मत आहे. व्यासांची शकुंतला सत्य आणि पितृधर्म यांवर राजाला जे खडे बोल सुनावते, त्यांना नाटकात फारसे स्थान उरले नाही. रसिकांना हे रुचणार नाही. पण अन्याय कोणाचा, याचा निवाडा पुष्कळदा त्या एका वाक्यातच होऊन गेलेला असतो.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, ते कालिदासाच्या आधाराने. शांतारामबापूंचा ‘शकुंतला’ हा १९४३ सालचा चित्रपटही कालिदासाचाच ऋणी. साहजिकच मराठी प्रेक्षकाला अंगठी ठाऊक आहे. व्यासांची शकुंतला देवळात पुराण ऐकणारांच्याच वाट्याला राहिली. नव्या पटकथाकाराने ती उचलावी, असे मनापासून वाटते.

मात्र त्याने आपले वाक्य जपून लिहावे. ‘प्रेम आणि विरह यांची हृदयस्पर्शी कथा’ म्हणणे फुकट. ते शंभर नाटकांना लागू पडेल. विशेषनामांचाही उपयोग नाही. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘हरिश्चंद्र’ हे नाव पुरले, कारण कथा प्रेक्षकाच्या घरचीच होती. परक्याला ‘दुष्यंत’ या नावातून काहीच कळत नाही; ‘लोकापवादाला भिणारा राजा’ म्हटले की कळते. आणि कालिदासाचीच कथा घेतली, तर अंगठी हरवली एवढे वाक्यात यावे, ती सापडल्याचे येऊ नये. माशाच्या पोटातून अंगठी काढणारा तो कोळी सहाव्या अंकातला. त्याला तेथेच राहू द्यावा.