घटस्फोट : एका शब्दाची आणि एका संसाराची गोष्ट

'घटस्फोट' हा शब्द आज आपण कोर्टकचेरीच्या अर्थाने वापरतो. नवराबायको वेगळी झाली की घटस्फोट झाला. यातला घट कुठून आला, तो कोणी फोडला, हे सहसा कोणी विचारत नाही. मूळ विधीचा नवराबायकोशी संबंध नव्हता. तो पतिताचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे : पतित झालेल्या माणसाच्या सपिंडांनी, तो जिवंत असतानाच, गावाबाहेर, अशुभ दिवशी, संध्याकाळच्या वेळी, नातेवाईक व गुरू यांच्या समक्ष त्याला उदक द्यावे, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने उलथवावा, आणि सर्वांनी एक अहोरात्र सुतक पाळावे. त्यानंतर त्याच्याशी बोलणे नाही, पंक्ती नाही, वारसा नाही. परत यायचा मार्गही तिथेच सांगितला आहे. प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाबरोबर आप्तांनी पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घडा त्यात टाकावा.

म्हणजे जाणेही घड्याने आणि येणेही घड्याने. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. उदक देणारे कोण, घडा उलथणारी कोण, सुतक किती, हे सारे सांगणारा हा विधी त्या पतिताच्या बायकोने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे याविषयी गप्प आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पोथीतून घरात आला. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहिला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण त्याचे खाणेपिणे मात्र तिथे झाले होते. कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. आता त्याला पंक्तीत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पक्ष उचलला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. वाद मतांचा नव्हता. त्या बारा वर्षांच्या मुलाची येशूविषयीची समजूत काय, हे फारसे कोणी विचारीत नव्हते. त्याने कुणाच्या हातचे खाल्ले, एवढाच प्रश्न होता.

याच प्रश्नाची सर्वांत सविस्तर, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक, हकीकत मराठीत एका बाईने लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो, भाषेसाठी वाचतो, शाळेत त्यातला एखादा उतारा नेमलेला असतो. तरी इतिहासाचे साधन म्हणून ते अजून पुरेसे वाचले गेलेले नाही, असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. १८५७ च्या धामधुमीत घरातले माणूस फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला पोहोचले, असे त्या सांगतात. घरात आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. त्यात मीठसुद्धा आले. मीठ धुतल्यावर किती उरत असेल, याचा हिशेब वाचकांनी करावा. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत लिहितात, म्हणून आपणही हसतो. पण सोवळे हे त्या घरात श्रद्धेचे एक अंग नव्हते, तीच श्रद्धा होती. देव म्हणजे काय हे मुलीला कळण्याआधी विटाळ म्हणजे काय हे कळलेले होते.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या असताना, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, विद्वान, शीघ्रकोपी आणि उदार. पैसा हाती टिकत नसे आणि पाय एका गावी टिकत नसत. मनात आले की ते घरातून निघून जात. बायकोला लिहावाचायलाही त्यांनीच लावले. हा संसार सुखाचा होता का? सुखाचा म्हणवत नाही. पण दोघांना एकमेकांवाचून करमत नसे, हे पुस्तकाच्या पानापानावर दिसते. भांडण आणि ओढ यांची अशी सरमिसळ मराठी गद्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता एका एतद्देशीय पाळकाच्या हातून घेतला. पुढे ते म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या चरित्रकारांना या वाटचालीत रस असतो आणि तो योग्यच आहे. पण त्या दिवशी त्या पुलाच्या अलीकडे एक सत्तावीस वर्षांच्या आतली बाई आणि चारेक वर्षांचा दत्तू उभे होते, इकडेही पाहिले पाहिजे.

नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नव्हे. नवरा पतित, म्हणून नांदती सवाशीणही नव्हे. रडायचे तर कुणासाठी, आणि सुतक धरायचे तर कशाचे? बहीण आणि मेहुणे यांनी तिला सांभाळले, धीर दिला, डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्षही ठेवले. पुढे काही काळ ती पंढरपुरास राहिली. नवऱ्याला विठ्ठलभक्तांच्या पुलाने पलीकडे नेले आणि बायको त्याच विठ्ठलाच्या गावी अलीकडे राहिली! याच वियोगात ती कविता करू लागली.

आता सरकारी कायदा पाहा. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरित माणसाचा वारसाहक्क शाबूत ठेवला. घडा उलथण्याचा एक मोठा परिणाम त्यामुळे रद्द झाला. १८६६ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. ख्रिस्ती झालेल्या माणसाशी त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने नांदत नसेल, तर त्याला कोर्टात जाता येत असे. कोर्ट जोडीदाराची जबानी घेई, वर्षभर थांबे, पुन्हा विचारी. तरीही नकार आला तर विवाह संपला. दोघांनाही दुसरे लग्न करण्याची मोकळीक, जणू काही आधीचा जोडीदार मरण पावला आहे. या 'जणू'कडे नीट पाहावे. शास्त्र जिवंत माणसाला मेलेला मानत होते. इंग्रजांचा कायदाही, अधिक सभ्य शब्दांत, तेच मानायला तयार होता. 'घटस्फोट' हा शब्द पुढे मराठीत कोर्टातल्या काडीमोडीसाठी रुळला, त्यात मला म्हणूनच विसंगती वाटत नाही.

या कायद्याने १८९७ च्या सुमारास टिळक मोकळे होऊ शकले असते. त्यांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले. आणि तिनेही, आप्तांनी कितीही समजावले तरी, नवरा मेला असे मनोमन कबूल केले नाही. दोन्ही बाजूंच्या व्यवस्थांनी हा संसार संपल्याचे मान्य केले होते. तो संपला नाही, कारण त्या दोघांनी ते मान्य केले नाही. याला प्रेम म्हणावे की हट्ट? लक्ष्मीबाईंना विचारले असते तर त्या बहुधा दुसरा शब्द वापरत्या.

अखेर त्या नगर भागात नवऱ्याकडे परतल्या, पण हिंदू म्हणूनच. घर नवऱ्याचे, पाणी मात्र आपले. स्वयंपाक वेगळा, पाणी कोणी भरायचे ते वेगळे, शिवाशिव होऊ नये म्हणून दिवसभराची कसरत. एका छपराखाली राहणारे नवराबायको एका माठातले पाणी पीत नाहीत, हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणावे. टिळकांसारख्या तापट माणसाने ते चालू दिले, हे मला त्यांच्या पुष्कळशा कवितांपेक्षा मोठे वाटते.

मग एके दिवशी त्या विचार करीत राहिल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? जन्म आणि मरण सर्वांचे सारखेच, तर विटाळ आला कुठून? विचाराअंती त्यांनी ठरवून टाकले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. इथला क्रम महत्त्वाचा आहे. टिळकांनी आधी येशू स्वीकारला आणि त्यापाठोपाठ जात सुटली. लक्ष्मीबाईंची आधी जात सुटली. येशू नंतर आला. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने पहिला विटाळ स्वतःच्या विचाराने पुसला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यात मिळवणे किती आणि गमावणे किती? ज्या बहिणीने कठीण काळात घरात घेतले, तिच्या ताटाला ताट लावून बसणे आता पूर्वीसारखे राहिले नाही. याविषयी लक्ष्मीबाई आक्रोश करीत नाहीत. कुणाला दोषही देत नाहीत. त्यांचा विनोद पुष्कळदा नेमका अशाच जागी अधिक गडद होतो, हे पुन्हा वाचताना ध्यानात येते.

पुढची वर्षे दुष्काळाची आणि प्लेगची. १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळाने पोरकी झालेली मुले मिशनच्या आसऱ्याला आली आणि टिळकांचे घर त्यांतल्या कित्येकांचे घर झाले. स्वयंपाकघरात कुणी शिरू नये म्हणून एके काळी जपणारी बाई आता कुणाकुणाच्या पोरांना जेवू घालीत होती. बालकवीही याच घरात राहिले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तेव्हा या घरातले एक मूल गेल्याचे दुःख झाले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. या वेळचे वैधव्य खरे होते.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत लिहायला घेतले होते, 'ख्रिस्तायन'. अकराएक अध्यायांनंतर ते थांबले होते. उरलेले, म्हणजे बहुतेक सगळेच, लक्ष्मीबाईंनी लिहिले. दोघांच्या हातचे ते काव्य दोघेही गेल्यावर १९३८ साली छापून निघाले. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले होते. चौथा पुरा होण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई वारल्या. तो भाग दत्तूने पुरा केला.