राजभाषा कुणाच्या कागदावर?

इतिहासाचार्य राजवाड्यांनी तीन जुनी मराठी पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजले होते. 1628 च्या पत्रात मराठी शब्द शेकडा पंधराही भरले नाहीत, बाकीचे फारसी-अरबी. 1677 च्या पत्रात मराठीने साठी ओलांडली, 1728 च्या पत्रात नव्वदी. मध्ये 1674 चा राज्याभिषेक आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश येतो. म्हणून राजाने हुकूम केला आणि भाषा पालटली, असा अर्थ सर्रास काढला जातो. एवढा भार हा पुरावा पेलत नाही. पत्रे तीनच, आणि कोशावरून राज्यकर्त्याची इच्छा कळते, कारकुनाची सवय नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद पाहावेत: साल अजून अरबी अंकशब्दांतच घातलेले. शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ कोरले, तरी लोकांच्या तोंडी फारसी ‘पेशवा’च राहिला.

मग मराठी राज्यकारभारात शिरली कुठून? माझ्या मते खालून. आदिलशाहीच्या काही आज्ञापत्रांत फारसीबरोबर मोडीतला मराठी मजकूरही आहे. गावचा वसूल कुलकर्णी मराठीत मांडत होता. त्याला न कळणारा हुकूम बजावला कसा जाणार? पहिल्या इब्राहीम आदिलशहाने सरकारी हिशेबातून फारसी काढली, असे इतिहासकार फिरिश्ताही नोंदवतो. वसुलाच्या वहीत मराठी आधीपासूनच होती. महाराजांनी तिच्या मागे सिंहासन उभे केले, आणि हे काम लहान नव्हते.

देशाला किंवा राज्याला राजभाषा असावी का, या प्रश्नाकडे मी या कागदांमधून पाहतो. असावी, पण ज्याची जमीन आणि ज्याचा कर, त्याला आपला कागद वाचता यावा म्हणून. महाराष्ट्राने 1964 मध्ये राजभाषा अधिनियम केला, तरी महापालिका, नगरपालिकांसाठी वेगळा कायदा व्हायला 2022 उजाडले. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना 1998 ची. मुळशीच्या शेतकऱ्याचा सातबारा मराठीत असतो, पण वाद उच्च न्यायालयात गेला की राज्यघटनेच्या 348 व्या अनुच्छेदाप्रमाणे कामकाज इंग्रजीत चालते. आपण जिंकलो की हरलो, हे त्याला वकिलाकडून समजून घ्यावे लागते. इंग्रजी निकालासोबत अधिकृत मराठी प्रत त्याला हक्काने मिळाली पाहिजे, आणि तीही त्याच दिवशी.