सिंहांच्या मागची बाजू

स्मारक नाण्यांवर नेत्यांचे चेहरे दिसले की आक्षेप येतो: राजाचा मुखडा गेला आणि त्याच्या जागी पुढाऱ्याचा बसला. आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. एकेकाळी कंपनी सरकारच्या बहुतेक रुपयांवरही मुघल बादशहाचे नाव असे. १८३५ साली मात्र चौथ्या विल्यमचा चेहरा आला आणि दर्शनी बाजू इंग्लंडच्या गादीची झाली. १९४७ च्या रुपयावर मागे वाघ उमटला, पण पुढे सहावा जॉर्ज होताच. तरीही हा आक्षेप मला मान्य नाही, कारण चेहरा आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या बाजूला आहे हे मला निर्णायक वाटते.

१९५० साली प्रजासत्ताकाची नाणी निघाली तेव्हा राजाच्या जागी कुणी माणूस बसला नाही, सारनाथच्या स्तंभशीर्षावरचे सिंह आले. रुपयाच्या दुसऱ्या अंगाला धान्याच्या ओंब्या होत्या. आण्यांवर बैल आणि पैशावर घोडा हेही त्याच स्तंभशीर्षाच्या पट्टीवरचे प्राणी. एका शिल्पातून सबंध नाणेमाला उभी करणारी ही योजना मला फार मोलाची वाटते. तिने सार्वभौमत्वाची जागा व्यक्तीकडून काढून घेतली. नेहरू वारले त्याच वर्षी, १९६४ मध्ये, स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले. त्यावर नेहरूंचा चेहरा आला तो ओंब्यांच्या बाजूला. सिंह जागचे हलले नाहीत. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीलाही हीच मांडणी टिकली. त्या मालिकेतले दहा रुपयांचे, १५ ग्रॅम वजनाचे आणि ८० टक्के चांदीचे नाणे आजही संग्राहक जपून ठेवतात. पुढच्याच वर्षी अन्नाच्या प्रश्नावर काढलेल्या नाण्यावर कमळ आणि सूर्य होते. म्हणजे ती मागची बाजू चेहऱ्यांना कायमची दिलेली नव्हती.

कुणी म्हणेल, नाण्यावर चेहरा ही कंपनीची देणगी नव्हेच. कुषाण आणि गुप्त राजांनी स्वतःच्या आकृती पाडल्या होत्या. खरे आहे. पण ते राज्य करणारे राजे होते. नेहरू आणि गांधी नाण्यावर आले ते मृत्यूनंतर, हुकूम देण्याचा अधिकार उरला नसताना. याहून अवघड प्रश्न शिवाजी महाराजांच्या नाण्याने उभा केला आहे. त्यांच्या शिवराईवर चेहरा नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे. १९९९ च्या दोन रुपयांवर मात्र त्यांची छबी आहे. ज्या राजाने स्वतःची मुद्रा अक्षरांवर उभी केली, त्याचे स्मरण त्याच अक्षरांनी करता आले असते, आणि टांकसाळीने ती संधी गमावली असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो दोष चित्र निवडण्याचा आहे. त्या नाण्यावरही दर्शनी बाजू सिंहांचीच आहे.