लॉस एंजेलिस: दोन दिवसांच्या सहलीचे नियोजन

लॉस एंजेलिस शहराचे भूक्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास दुप्पट आहे. त्यामुळे येथील अंतरे मैलांत नव्हे, वेळेत मोजावी लागतात. दोन दिवसांत सारे पाहण्याचा अट्टहास केल्यास सहल वाहतूक कोंडीतच सरते. भारतातून आलेले वृद्ध आई-वडील सोबत असतील, तर ही चूक अधिकच महागात पडते. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरावी.

पहिला दिवस पश्चिमेचा: सकाळी गेटी सेंटर (१९९७), दुपारनंतर सांता मोनिकाचा धक्का (१९०९) आणि सूर्यास्त. गेटीत प्रवेश विनामूल्य असला, तरी वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि वाहनतळाचे शुल्क पडते. दुसऱ्या दिवशी हॉलिवूड व सायंकाळी ग्रिफिथ वेधशाळा (१९३५). तेथेही प्रवेशशुल्क नाही. गेटी व वेधशाळा सोमवारी बंद असतात.

मे-जूनमध्ये किनाऱ्यावर सकाळी ढगांचे आच्छादन असते. तेव्हा समुद्र दुपारीच गाठावा. डाउनटाउनहून सांता मोनिकापर्यंत २०१६ पासून मेट्रो जाते. भारतीय जेवणासाठी आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड प्रसिद्ध आहे, परंतु तो आग्नेयेस दूर पडतो. अनाहाइमच्या डिस्नीलँडला जायचे असल्यासच तो वाटेत घ्यावा.