धावदोरा : गोधडीच्या टाक्यांत राहिलेला इतिहास

१/९
कर्जत-खालापूरचा इतिहास म्हटला की उंबरखिंड डोळ्यांपुढे येते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली, ती याच मुलखात. त्या पराक्रमाचे स्मारक तेथे उभे आहे. घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या एका कामाचे मात्र स्मारक नाही. ते काम म्हणजे सुईने घातलेला साधा धावदोरा.

२/९
धावदोरा हा हातशिलाईचा पहिला धडा. दोऱ्याला गाठ मारावी, सुई कापडाखालून वर काढावी आणि सारख्या अंतराने खाली-वर नेत राहावे. सराव झाला की चार-पाच टाके एकदम सुईवर घेऊन दोरा ओढता येतो. दोरा फार ताणला तर कापडाला चुण्या पडतात, सैल सोडला तर टाके लोंबतात. हा ताण सांगून कळत नाही. तो हातालाच उमगावा लागतो.

३/९
लुगडे, धोतर, उपरणे ही वस्त्रे न शिवताच वापरायची. सुई लागे ती चोळीला, बंडीला, बाळाच्या कुंचीला, दुपट्याला आणि सर्वांत अधिक गोधडीला. जीर्ण लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने जोडायचे.

४/९
या टाक्यात एक उणीव आहे. एका ठिकाणी दोरा तुटला की सारी ओळ उसवू लागते. गोधडी शिवणारीने त्यावर उपाय योजला : ओळीला लागून ओळ. एक तुटली तरी शेजारची थर धरून ठेवते. थरांमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. हे शास्त्र कुठल्याही पोथीत लिहिलेले नव्हते. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ते हातोहात गेले.

५/९
शिंप्याची सुई वाङ्मयात पोहोचली. संत नामदेव (१२७०–१३५०) शिंपी कुळातले. गुरू ग्रंथ साहिबातील त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही नामस्मरणाची रूपके होतात. घरच्या सुईला असा कवी क्वचितच लाभला.

६/९
आता १८५६ कडे येऊ. त्या वर्षी मुंबईतील पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे खोपोलीपर्यंत, म्हणजे थेट खालापूरच्या मुलखात, आली. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्गही खुला झाला. गिरणीच्या कापडाला घाटापर्यंत आणि घाटापलीकडे वाट मिळाली.

७/९
त्याच सुमारास शिलाई यंत्र जगभर पसरू लागले. सिंगरचे पेटंट १८५१ चे. पण यंत्राची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा खालच्यात अडकतो. धावदोरा एकाच दोऱ्याचा. त्यामुळे यंत्र आले तरी हाताच्या गोधडीची वीण त्याला जशीच्या तशी उतरवता आली नाही.

८/९
याच सुईला पुढे दाम मिळाला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे लेखन-वाचन, परिचर्या यांच्या जोडीला शिवणकामही शिकवले गेले. विधवा आणि निराधार स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. घरात जे ‘बायकांचे काम’ म्हणून गृहीत धरले जाई, ते आता शिक्षण ठरले. त्यावर पोट भरता येऊ लागले. टाका तोच राहिला, त्याची किंमत बदलली.

९/९
शिलालेख दगडावर टिकतो; गोधडी मात्र वापरता वापरता विरते. म्हणून घरात जुनी गोधडी असेल तर आज ती उलगडून पाहा. कोणत्या थरात कोणाचे लुगडे आहे, ती कोणी शिवली, तिला टाका कोणी शिकवला, हे आजीला विचारा. नाव, गाव आणि अंदाजे साल वहीत लिहून ठेवा. जमल्यास सुई-दोरा घेऊन तिच्याच शेजारी बसा आणि धावदोऱ्याची एक ओळ तिच्याकडून शिकून घ्या.